बिल्ला अजून खिळ्यावरच आहे

नमस्कार करायला मला हात नाहीत, मित्रांनो. एक दांडा आहे आणि दांड्याच्या दोन टोकांना दोन जबडे. मी एक जुना पाना आहे. नट आवळायचा आणि सैल करायचा, एवढीच माझी विद्या. सध्या माझा मुक्काम काचेच्या पेटीत आहे. पेटीखाली एक पाटी आहे आणि पाटीवर माझ्याबद्दल चार ओळी आहेत. त्यांतल्या तीन खऱ्या आहेत. चौथी खोटी आहे, आणि लोक थांबून वाचतात ती नेमकी चौथीच.

ती ओळ काय आहे ते सांगेनच. पण आधी मुळापासून ऐका.

माझा जन्म भट्टीत झाला. लाल तापलेल्या लोखंडाच्या कांबीवर घणाचे घाव पडले आणि मला आकार आला. मग कुणीतरी माझ्या दांड्यावर सत्तावीस हा आकडा ठोकला. गवतात गुंडाळून, चाळीस भावंडांसह एका लाकडी खोक्यात बसून मी लष्करी विमानतळावर आलो. तेव्हा युद्ध चालू होते. एक लांबच लांब धावपट्टी, पत्र्याच्या छपराची मोठी शेड आणि धावपट्टीच्या टोकाला काळ्या चिखलाची दलदल. सकाळी धडधाकट गेलेली विमाने दुपारी चाळणी होऊन परत यायची. जी यायची ती नशीबवान.

शेडच्या मागच्या बाजूला हत्यारांची खोली होती. तिची एक भिंत म्हणजे आमचे घर. प्रत्येक हत्याराचा आकार भिंतीवरच्या फळीवर पांढऱ्या रंगाने काढलेला होता, आणि आकाराच्या वर एक खिळा. प्रत्येक मिस्त्रीकडे त्याच्या नंबरचा पितळी बिल्ला असे. हत्यार न्यायचे असेल तर बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. हत्यार परत आणले की स्टोअरकीपर आधी ते जागेवर टांगणार आणि मगच बिल्ला हातात देणार. संध्याकाळी फाटकावर बिल्ला दाखवला की माणूस घरी. बिल्ला नाही, तर घरी जाणे नाही.

तुम्हाला वाटेल, एका पान्यासाठी एवढा बंदोबस्त कशाला? तर ऐका. विमानाच्या पोटात पाना विसरला, की तो उडताना घरंगळतो, शेपटीकडे जाणाऱ्या तारांत अडकतो, आणि मग वैमानिकाने कितीही जोर लावला तरी विमान वळत नाही. म्हणून भिंतीवर एक जरी बिल्ला दिसला तरी विमान सोडायचे नाही, असा तिथला नियम होता.

मला नेहमी नेणारा मिस्त्री अकरा नंबरचा. किडकिडीत अंगाचा, नखांपर्यंत काळा झालेला, आणि तोंडाने सदैव देवाचे एक गाणे. मोठ्याने नाही, स्वतःपुरते. एका शब्दाला पान्याचा अर्धा फेरा, असा त्याचा हिशेब होता. ओळ संपली की नट बसलाच म्हणून समजा. पहिली ओळ तो म्हणायचा आणि दुसरी ओळ खिडकीआडून स्टोअरकीपर उचलायचा. स्टोअरकीपर वयाने मोठा, म्हणून मिस्त्री त्याला दादा म्हणे. दादाचा आवाज भरदार होता. दोघांचे सूर एकत्र आले की पत्र्याचे छप्परसुद्धा गुमान ऐकत असेल, असे मला वाटे. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस ते. एक वैमानिक तर म्हणायचा, "अकरा नंबरनं हात लावलेल्या विमानात मी डोळे मिटून बसतो." हे ऐकून मिस्त्री लाजला होता आणि उगाच मला दुसऱ्यांदा पुसायला लागला होता.

त्याच्या वरच्या खिशात एक फोटो असे. चार-पाच वर्षांची मुलगी, दोन वेण्या, दोन रिबिनी, आणि फोटो काढणाऱ्यावर रागावलेला चेहरा. कामावर वाकला की फोटो खिशातून डोकावे. मी तिला तेव्हापासून ओळखतो.

मग ती दुपार आली.

त्याच वैमानिकाच्या विमानाचे काम होते. शेपटीच्या तारेचा एक नट मिस्त्रीने माझ्याकडून आवळून घेतला, झाकण लावले, सही केली आणि तो मला घेऊन खिडकीपाशी आला.

"दादा, घ्या तुमचा सत्तावीस."

"पुसलायस, की तसाच आणलायस?"

"पुसलाय. तोंड बघा त्यात."

"माझं तोंड बघण्यासारखं असतं तर इथं खिडकीआड बसलो असतो का?" दादा म्हणाला आणि हसत हसत त्याने मला उचलले. फळीकडे वळला. माझी पांढऱ्या रंगाची जागा हातभर अंतरावर होती. तेवढ्यात भोंगा वाजला.

शत्रूची विमाने आली होती. दादा ओरडला, "मिस्त्री, तू पळ, चाकांखालचे ठोकळे काढ. बिल्ला मग घे."

मिस्त्री पळाला. नियम मोडला तो इथे, आणि तो दोघांनीही मोडला. पण भोंगा वाजत असताना बिल्ल्यासाठी खिडकीत हात पसरून कोण उभा राहील? दादा मागच्या दाराने खंदकाकडे धावला आणि मी त्याच्या मुठीतच राहिलो. खंदक लाल मातीचा होता. दादाने उडी मारली, पालथा पडला आणि डोके दोन्ही हातांनी झाकले. डोके झाकायला हात मोकळे हवेत, म्हणून त्याने मला सोडले. जवळच बॉम्ब पडला. खंदकाची कड ढासळली आणि मी मातीखाली गेलो.

त्याबद्दल माझी तक्रार नाही, बरे का. मरणाच्या दारात पाना कोण सांभाळतो?

त्याच गडबडीत आमचे विमान उडाले. धावपट्टीच्या टोकाशी ते वर उठले, वळलेच नाही, आणि सरळ दलदलीत जाऊन रुतले. मला जमिनीतून तो धक्का कळला. का पडले? गोळी लागली असेल, इंजिन दमले असेल, देव जाणे. वैमानिक गेला. दलदलीने विमान गिळले आणि युद्धाच्या धामधुमीत ते उकरायला कुणाला सवड नव्हती.

पण भिंतीवर माझी जागा रिकामी होती आणि खिळ्यावर अकरा नंबरचा बिल्ला लटकत होता.

चौकशी झाली. तिचे कागद मी पुष्कळ वर्षांनी ऐकले, तेही दुसऱ्याच्या तोंडून. पण शब्द जसेच्या तसे सांगतो. साहेबांनी दादाला विचारले, "अकरा नंबरने पाना परत दिला होता का?" दादा म्हणाला, "मला आठवत नाही." साहेबांनी विचारले, "मग बिल्ला?" दादा म्हणाला, "बिल्ला खिळ्यावर होता, साहेब."

पाना हरवला असे म्हटले असते, तर दादाला शिक्षा होती. आठवत नाही म्हटले, की शिक्षा मिस्त्रीला. तीन शब्दांत एक माणूस संपला.

तुम्ही म्हणाल, खरेच आठवत नसेल बिचाऱ्याला. मीही तसेच म्हटले असते. पण हल्ल्यानंतर तिसऱ्या दिवशी दादा एकटा खंदकापाशी आला होता. ढासळलेल्या कोपऱ्याशी उभा राहिला. सवयीने त्याने गाण्याची दुसरी ओळ सुरू केली, आणि अर्ध्यावर थांबला. मला वाटले, आता हा वाकणार, माती उकरणार, मला काढून साहेबांकडे नेणार. त्याच्याजवळ फावडे होते, मित्रांनो. त्याने फावडे उचलले आणि तो कोपरा बुजवून टाकला. वरून पाय देऊन माती घट्ट बसवली. खंदक बुजवायचा हुकूम तेव्हा कुणालाही नव्हता.

त्यानंतर त्या विमानतळावर दोन सुरांतले गाणे मी कधी ऐकले नाही.

युद्ध संपले. माणसे गेली, पत्रे गेले, दारे-खिडक्या गेल्या. धावपट्टीच्या भेगांत गवत वाढले आणि त्यावर शेळ्या चरू लागल्या. पुढे पुढे तिथे लोक गाडी चालवायला शिकायला येत. गिअरचा खरखराट माझ्यापर्यंत पोचे आणि वाटे, आपल्याला कुणी हाक मारली तर यांचेही चार नट आवळून देऊ. गंज अंगात मुरत होता. एक मूळ माझ्या जबड्यातून आरपार गेले. असे किती पावसाळे गेले ते मोजायला मला आकडे येत नाहीत. मला एकच आकडा येतो, तो माझ्या दांड्यावर आहे.

आणि एका रविवारी डोक्यावर धातू हुडकणाऱ्या यंत्राचा टीं टीं असा आवाज झाला.

"मास्तर, इकडं या. पाना दिसतोय."

"हात लावू नकोस. आधी चिठ्ठी, मग हात."

युद्धकाळातल्या वस्तू उकरून काढणारी ती मंडळी होती. दर रविवारी यायची, डबे आणि फावडी घेऊन. त्यांचे पुढारी निवृत्त मास्तर, जन्मभर इतिहास शिकवलेले. मला ज्याने शोधले तो पेशाने वेल्डर. मास्तरांचा नियम कडक होता. वस्तू जिथे निघाली ती जागा कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी वस्तूला बांधायची आणि मगच वस्तू हलवायची. माझ्या दांड्याला चिठ्ठी बांधली गेली: 'खंदक, पूर्वेचा कोपरा, बुजवलेल्या मातीत.'

मला किती आनंद झाला ते कसे सांगू? हे तर आमच्या बिल्ल्यासारखेच झाले. त्या चिठ्ठीत मिस्त्रीची सुटका होती. पाना खंदकात, म्हणजे विमानात नव्हता. विमानात नव्हता, म्हणजे परत दिला होता. शाळेतल्या पोरालाही उमजेल इतके सरळ.

त्याच महिन्यात मंडळींनी दलदलीतून विमानाचे तुकडेही बाहेर काढले. त्यात चार-पाच पाने होते. वैमानिकाच्या जागेखाली हत्यारांची एक पेटी कायम असायचीच. विमानतळाच्या उरलेल्या एका खोलीत लहानसे संग्रहालय उघडायचे ठरले. उद्या पाहुणे येणार आणि आज सगळे चिखलाने माखलेले. मास्तर घायकुतीला आले. म्हणाले, "एकेक धूत बसलो तर उजाडेल. टाका सगळं टबात."

खंदकातले आणि दलदलीतले, सगळे एकाच टबात गेले. चिठ्ठ्यांसकट. मित्रांनो, जन्मभर पोरांना शिस्त शिकवणाऱ्या माणसाने घाईच्या एका तासात आपलाच नियम पाण्यात बुडवला. चिठ्ठ्या वर तरंगल्या, कोऱ्या होऊन.

मला ब्रशने घासताना मास्तरांना सत्तावीस दिसला. ते धावत गेले आणि एक जुने पुडके घेऊन आले. चौकशीचे कागद त्यात होते, आणि कागदांबरोबर मोहोरबंद करून ठेवलेला अकरा नंबरचा बिल्लाही. टेबलाशी बसून त्यांनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. शेवटी मला उंच धरून म्हणाले, "ऐंशी वर्षं हरवलेला पाना. विमानातच होता. आपण शोधला."

वेल्डर हात पुसत होता. म्हणाला, "मास्तर, हा खंदकातला आहे बहुतेक."

"बहुतेक म्हणजे? चिठ्ठी दाखव."

"चिठ्ठी टबात गेली ना."

"मग दलदलीतला नाही कशावरून? तिथूनही पाने निघालेत. नीट आठवून सांग, बाबा. उद्या पेपरवाले येणार आहेत. तुझाच फोटो काढणार आहेत, हा पाना हातात धरून."

वेल्डरने हात पुसायचे फडके खिशात कोंबले. मग म्हणाला, "नक्की आठवत नाही."

माणसे बदलली, पण शब्द तेच. मी काय बोलणार? मला जबडा आहे, पण जीभ नाही.

दुसऱ्या दिवशी मला चमकदार वार्निश फासले आणि पेटीत ठेवले. माझ्या एका जबड्याच्या खोबणीत, जिथे ब्रश पोचला नाही तिथे, चिमूटभर लाल माती होती. ती वार्निशखाली तशीच राहिली, अजून आहे. पेटीच्या मागच्या फळीवर एक खिळा ठोकून त्यावर अकरा नंबरचा बिल्ला अडकवला. आणि पाटी लावली. पाना, क्रमांक सत्तावीस. युद्धकाळातला. याच विमानतळावर सापडला. या तीन ओळी खऱ्या. चौथी ही: 'मिस्त्रीने हा पाना विमानात विसरल्यामुळे वैमानिकाचा बळी गेला.'

शाळांच्या सहली येऊ लागल्या. आया पोरांचे कान पकडून मला दाखवत. "बघ, नीट बघ. विसरभोळेपणा केला की असं होतं." ज्याने जन्मात एक पाना विसरला नाही, तो विसरभोळेपणाचा धडा झाला. मुलांनो, तुमच्यातलेही काही त्या रांगेत असतील. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही पाटी वाचलीत.

एका रविवारी सकाळी एक म्हातारी आली. काठी टेकत, एकटी. दाराशी वेल्डर खुर्चीवर बसला होता, टेबलाशी मास्तर. ती थेट माझ्यापाशी आली आणि तिने पाटी मोठ्याने वाचली, एकेका शब्दावर थांबत. मग रागावून काचेकडे बघितले. तो राग मी ओळखला, मित्रांनो. वेण्या पांढऱ्या झाल्या होत्या. राग तोच, फोटोतला.

"मी या मिस्त्रीची मुलगी," ती म्हणाली.

मास्तर उठून उभे राहिले. मनाने चांगला माणूस. "या ताई, बसा. पाणी घ्या."

"पाणी नको. बाबांनी पुन्हा विमानाला हात लावला नाही. छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे. घरात कात्री खिळ्यावर असायची. कात्री न्यायची तर मी माझी रिबीन खिळ्याला बांधायची, असा नियम. कात्री जागेवर आली की रिबीन परत. आई म्हणायची, 'घरात तरी कशाला हे?' ते कात्री पुसून खिळ्यावर टांगायचे. मला शाळेत पानेवाल्याची पोर म्हणायचे. मी घरी येऊन भांडायची. ते एकच सांगायचे, 'मी पाना परत दिला होता. बिल्ला घ्यायचा राहिला.' शेवटच्या दुखण्यातही तेच." तिने काठी माझ्याकडे रोखली. "हा कुठं सापडला?"

"विमानात, ताई. तसं लिहिलंय."

"तुम्ही काढलात?"

"यानं काढला." मास्तरांनी दाराकडे बोट केले.

ती वेल्डरकडे वळली. "विमानातच होता का रे दादा?"

दादा. तिने सहज म्हटले. तिला काय ठाऊक.

वेल्डर उभा राहिला. त्याच्या मागे भिंतीवर त्याचा फोटो होता, पेपरातला, हातात मी. "पाटीवर लिहिलंय तसंच," तो म्हणाला.

ती वाकून वाकून बघू लागली. नाक काचेला टेकले. "मग ही लाल माती कशी? दलदलीत तर काळा चिखल आहे. आत्ता येताना बघितला मी."

"माती नाही ताई, गंज आहे तो," मास्तर मायेने म्हणाले. "यालाच विचारा. लोखंडात आयुष्य गेलंय त्याचं."

वेल्डर पेटीजवळ आला. मला वाटले, आता. लोखंडाचा माणूस आहे; गंज कोणता आणि माती कोणती, हे याला डोळे मिटून कळेल. त्याने बघितले. बराच वेळ बघितले. त्याला कळले, हे मला कळले.

"गंजच," तो म्हणाला आणि परत खुर्चीवर जाऊन बसला.

म्हातारी भांडली नाही. सरळ उभी राहिली, पदराने काचेवरची आपल्या श्वासाची वाफ पुसली. "बरं. गंज तर गंज. पण पाना परत आला ना?"

"हो, आला की."

"मग बिल्ला द्या. पाना आला की बिल्ला परत, असा नियम होता. तुमच्या कागदांत असेल लिहिलेला."

मास्तर गडबडले. "ताई, तुमच्या भावना कळतात मला. पण तो आता संग्रहातली वस्तू आहे. नोंद झालीय. असा देता नाही येत."

"वस्तू नाही ती. बाबांचा बिल्ला आहे."

"नाही देता येत, ताई."

तिने तळहात काचेवर ठेवला. बिल्ला तिथून वीतभर लांब होता. मग ती हलक्या आवाजात गाण्याची पहिली ओळ म्हणाली. तीच, एका शब्दाला अर्ध्या फेऱ्याची. ओळ संपली आणि ती थांबली, कुणीतरी पुढची उचलेल याची वाट बघावी तशी. वेल्डर पायांकडे बघत होता. दुसरी ओळ त्या खोलीत फक्त मला येत होती.

मग काठीचा आवाज दारापर्यंत गेला, पायऱ्यांवरून उतरला आणि ऐकू येईनासा झाला.

या गोष्टीला आता बरेच महिने झाले. वेल्डर अजून दर रविवारी येतो. सगळ्या पेट्यांच्या काचा पुसतो. माझी काच तो तोंड फिरवून पुसतो.

मित्रांनो, मला तेल नको, वार्निशही नको. मागणे एवढेच आहे. जमिनीतून काही उचलाल तेव्हा उचलायच्या आधी त्याची जागा लिहून ठेवा, कारण नुसत्या वस्तूला स्वतःची बाजू मांडता येत नाही. घाई झाली तरी चिठ्ठी सोडू नका. आणि चिठ्ठी भिजलीच, तर तुमचे तोंड कुठे भिजले आहे? कुणी विचारले आणि तुम्हाला आठवत असले, तर आठवते म्हणा. फोटो गेला तरी चालेल. समोर उभे असलेले माणूस ऐंशी वर्षांचे ओझे घेऊन आलेले असू शकते.

मी परत आलो आहे. माझी जागा भरली आहे. बिल्ला मात्र अजून खिळ्यावरच आहे, आणि आमच्या फाटकावर बिल्ला दाखवल्याशिवाय कुणाला सोडत नसत. म्हणजे अकरा नंबरचा मिस्त्री अजून घरी गेलेला नाही.